दार उघडलें, पुढें काय ?

दरवर्षीं जून-जुलैच्या सुमारास अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रवेशाच्या याद्या लागूं लागतात, आणि पावसाच्या सरींबरोबर आमच्या सुशिक्षित घरांतून एका जुन्या वादाच्याही सरी कोसळूं लागतात. कोणाच्या मुलास अमुक इतके गुण मिळूनही पुण्याच्या नामांकित महाविद्यालयांत जागा मिळाली नाहीं आणि कोणास त्याहून कमी गुणांवर ती मिळाली, याचे हिशेब चहाच्या पेल्याबरोबर मांडले जातात. 'गुणवत्ता' हा शब्द दहादां उच्चारला जातो. आणि वर्ग सुरू झाले कीं सारा वाद पुढील पावसाळ्यापर्यंत थंडावतो. या वादाचा सगळा भर दारावर असतो. आंत कोणीं यावें आणि कोणीं येऊं नये यावर माणसें तावातावानें भांडतात. परंतु आंत आलेल्या मुलाचें पुढें काय झालें, पहिल्या वर्षाच्या परीक्षेंतून तो पार पडला कीं नाहीं, चार वर्षांनीं त्याच्या हातीं पदवी पडली कीं तो रिकाम्या हातांनीं गांवीं परतला, हें विचारण्याची तसदी राखीव जागांचा विरोधकही घेत नाहीं आणि कैवारीही घेत नाहीं.

प्रस्तुत लेखांत आम्हांस दाराविषयीं फार बोलावयाचें नाहीं. दार कायद्यानें उघडलें आहे, आणि तें उघडणें न्याय्यच होतें असें आमचें मत आहे. आम्हांस बोलावयाचें आहे तें उंबरठ्याच्या आंतील गोष्टींविषयीं. ज्या जातींतून आणि जमातींतून विज्ञानाच्या व अभियांत्रिकीच्या वर्गांत पिढ्यान् पिढ्या फार थोडीं मुलें आलीं, त्यांतील एखाद्या मुलास जी संस्था प्रवेश देते, ती त्यास शिकविण्याची जबाबदारीही पत्करते. ही जबाबदारी टाकून द्यावयाची, आणि मग त्याच्या नापास होण्याचा पुरावा त्याच्याच जातीविरुद्ध पुढें करावयाचा, हा उघड अन्याय आहे. अशा मुलास हात देणें हें दान नव्हे, दयाही नव्हे. तो अध्यापनाचा नित्य भाग आहे. हें आमचें म्हणणें आतां सप्रमाण मांडतों.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. आय. आय. टी. या नांवानें घरोघरीं माहीत असलेल्या भारतीय तंत्रज्ञान संस्थांत अनुसूचित जाती व जमाती यांच्यासाठीं १९७३ सालीं जागा राखण्यास प्रारंभ झाला. इतर मागासवर्गांसाठीं सत्तावीस टक्के जागा ठेवण्याचा कायदा २००६ सालीं झाला व २००८ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तो ग्राह्य ठरविला. म्हणजे पहिलें दार उघडून अर्धशतक लोटलें आहे. डिसेंबर २०२३ मध्यें केंद्र सरकारनें संसदेंत दिलेल्या उत्तराप्रमाणें मागील पांच वर्षांत या संस्थांतून इतर मागासवर्गांचे २,०६६, अनुसूचित जातींचे १,०६८ आणि अनुसूचित जमातींचे ४०८, मिळून ३,५४२ विद्यार्थी शिक्षण अर्धवट टाकून गेले. हे सर्वच अपयशामुळें गेले असें कोणीं म्हणूं नये. कोणी नोकरी लागली म्हणून जातो, कोणी दुसरी संस्था पसंत पडली म्हणून जातो. सरकारनेंही अशाच प्रकारचें कारण दिलें. परंतु साडेतीन हजार मुलें इतक्या कष्टानें मिळविलेली जागा सोडतात, आणि त्यांतील किती आपखुषीनें गेलीं व किती धापा टाकीत गेलीं याची नीट चौकशीही होत नाहीं, एवढी एक गोष्टच आमच्या म्हणण्यास पुरेशी आहे.

याहूनही बोलकें उदाहरण रूरकीचें आहे. २०१५ सालीं तेथील आय. आय. टी.नें पहिल्या वर्षांत ठरावीक सरासरी न गाठल्याच्या कारणावरून सत्तरांवर विद्यार्थ्यांस एकदम काढून टाकलें. त्यांतील बहुतेक राखीव जागांवरून आलेले होते. पुष्कळ ओरड झाल्यावर त्यांस पुन्हा एक संधि देण्यांत आली, हें खरें. पण मूळ निर्णयामागील वृत्ति लक्षांत घेण्यासारखी आहे. वर्गांतील एक मुलगा नापास झाला तर मुलाकडे पाहावें. सत्तर मुलें एकाच वेळीं नापास झालीं, आणि तींही बहुतेक एकाच बाजूचीं, तर शहाण्या माणसानें फळ्याकडे पाहावें, फळ्यापुढें उभ्या असलेल्या माणसाकडे पाहावें. नाचतां येईना अंगण वांकडें ही म्हण आम्ही विद्यार्थ्यांस ऐकवितों. ती संस्थांसही ऐकविण्याची वेळ आली आहे.

आणि दार तरी पुरतें उघडें आहे काय ? २०२४ सालीं उत्तर प्रदेशांतील एका दलित मजुराच्या मुलास धनबादच्या आय. आय. टी.त विद्युत् अभियांत्रिकीची जागा मिळाली. ती राखण्यासाठीं १७,५०० रुपये ठरलेल्या वेळेपर्यंत भरावयाचे होते. घरीं तेवढी रक्कम नव्हती. ती जमवितां जमवितां वेळ टळली आणि जागा गेली. त्या वर्षीं ३० सप्टेंबर रोजीं सर्वोच्च न्यायालयानें आपला विशेष अधिकार वापरून त्यास प्रवेश देवविला. न्यायालयाचें कौतुक करावें तितकें थोडें. पण एका हुशार मुलास साडेसतरा हजार रुपयांच्या उंबरठ्यावरून आंत नेण्यास देशांतील सर्वांत मोठें न्यायपीठ बसावें लागलें, यांत व्यवस्थेचें कौतुक करण्यासारखें कांहींच नाहीं. शिवाय न्यायालय प्रवेश देववूं शकतें. पहिल्या महिन्यांत न समजलेलें गणित तें समजावून देऊं शकत नाहीं.

तें गणित न समजण्याचें कारण बुद्धीचा अभाव हें नव्हे. पहिल्या वर्षाचा रहाटगाडगा कसा फिरतो तें पाहा. तालुक्याच्या गांवीं मराठींतून शिकलेला, बारावीस प्रयोगशाळेंतील निम्मे प्रयोग वहींतच केलेला मुलगा शंभर-सव्वाशेंच्या वर्गांत येऊन बसतो. व्याख्यान इंग्रजींत चालतें, आणि शिक्षक ज्या गोष्टी 'तुम्हांला माहीत आहेतच' म्हणून ओलांडून जातात त्याच नेमक्या त्यास माहीत नसतात. शब्दाचा अर्थ लागेपर्यंत सूत्र पुढें गेलेलें असतें. सूत्र हातीं येईपर्यंत प्रकरण संपलेलें असतें. आणि अशा चार-पांच महिन्यांनीं सत्र संपून परीक्षा दारांत उभी राहते. राहिलेला विषय, ज्यास आमचीं मुलें 'केटी' म्हणतात, तो पुढील सत्राच्या विषयांवर चढतो. ओझें वाढत जातें. विषयांची संख्या मर्यादेबाहेर गेली कीं वर्ष वायां जातें. वर्ष वायां गेलें कीं शिष्यवृत्तीचा प्रश्न उभा राहतो, आणि शिष्यवृत्ति अडली कीं खानावळीचा. एवढ्या साखळींत बुद्धीचा संबंध कोठें आला ? पहिली कडी निसटली ती दोन महिन्यांत कोणी हात न दिल्यामुळें निसटली.

येथें कोणी म्हणेल, 'त्यानें विचारावें; शिक्षक काय खाऊन टाकतात ?' विचारण्यासही मनाची एक मोकळीक लागते. ज्यास पहिल्या दिवसापासून 'तूं कोणत्या यादींतून आलास' या नजरेनें पाहिलें जातें, त्यास शंका विचारणें म्हणजे आपल्यावरील आरोप आपल्याच तोंडानें कबूल करण्यासारखें वाटतें. आतां जात विचारणें असभ्य ठरल्यामुळें 'तुझी रँक किती ?' असें विचारण्याची रीत निघाली आहे. उत्तरावरून जें समजावयाचें तें समजतें. हा आमचा कल्पनाविलास नव्हे. २०२३ सालीं मुंबईच्या आय. आय. टी.लाच सूचनापत्र काढून विद्यार्थ्यांस सांगावें लागलें कीं एकमेकांस प्रवेशपरीक्षेंतील क्रमांक विचारणें अनुचित आहे. त्याच्याही आधीं, २००७ सालीं, सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेची पाहणी करून तेथील दलित व आदिवासी विद्यार्थी वसतिगृहांत कसे वेगळे पडत होते आणि शिक्षकांकडून पुरेसें साहाय्य मिळत नसल्याचें कसें सांगत होते, हें नोंदवून ठेविलें. पुराणांतील द्रोणाचार्यांनीं एकलव्यास दाराबाहेर ठेवून त्याचा अंगठा मागितला. आजचे द्रोणाचार्य त्यास वर्गांत बसवितात, अंगठा मागत नाहींत, केवळ त्याच्याकडे पाठ करून फळ्यावर लिहीत राहतात. परिणामांत फारसा भेद नाहीं.

आतां आमच्या वाचकांस एक अप्रिय प्रश्न विचारतों. आपल्या घरांतील मुलास साहाय्य मिळत नाहीं काय ? दहावीपासूनच त्यास पुणें, लातूर, क्वचित् दूर राजस्थानांत कोटा येथील शिकवणीच्या वर्गांत घातलें जातें आणि त्यापायीं लाखांनीं रुपये खर्च होतात. घरांत कोणी काका वा मामा अभियंता असतो; कोणता विषय कोणत्या पुस्तकांतून वाचावा, कोणत्या शिक्षकास कसें विचारावें, हें तो सुटींत सहज सांगून जातो. इंग्रजी वर्तमानपत्र घरीं येतें. वसतिगृहांत पाऊल ठेवतांच आपल्याच शाळेचा वरच्या वर्गांतील एखादा मुलगा भेटतो आणि मागील वर्षांच्या वह्या हातीं देतो. हें सारें साहाय्यच आहे. तें योग्यही आहे, आणि कोणा आईबापांनीं तें करूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं त्यास त्याच्या नांवानें ओळखावें. आपल्या मुलास मिळतें तेव्हां आम्ही त्यास 'वातावरण' म्हणतों, 'संस्कार' म्हणतों. आणि तेंच महाविद्यालयानें दुसऱ्याच्या मुलास द्यावें असें कोणी म्हटलें कीं लगेच त्यास 'कुबड्या' म्हणतों.

यावर जो आक्षेप सर्वांत अधिक वेळां ऐकूं येतो तो असा: 'या मुलांचा पायाच कच्चा, चार महिन्यांच्या मदतीनें तो काय भरून निघणार? त्यांना त्यांच्या आवाक्यांतल्या साध्या महाविद्यालयांत जाऊं देणें हीच खरी दया.' आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार, असा या आक्षेपाचा मथितार्थ आहे. तो आमच्याच दिवाणखान्यांत जन्मला असें मात्र नाहीं. अमेरिकेंत कृष्णवर्णीयांच्या मुलांविषयीं तोच आक्षेप घेतला जात असे; आणि तो कसोटीस लावून पाहणारीं माणसें तेथें निघालीं, म्हणून त्या देशांतील दोन उदाहरणें येथें देणें अवश्य आहे.

कॅलिफोर्नियांतील बर्कली येथील विद्यापीठांत १९७० ते १९८० च्या दशकांत यूरी ट्राइस्मन नांवाचा गणिताचा एक तरुण अभ्यासक होता. कलनशास्त्राच्या पहिल्या वर्गांत कृष्णवर्णीय विद्यार्थी फार मोठ्या संख्येनें नापास होत, आणि चिनी वंशाचे विद्यार्थी उत्तम गुण मिळवीत. कारण काय म्हणून त्यानें अध्यापकांस विचारलें. उत्तरें चार मिळालीं: मुलांस तळमळ नाहीं, पूर्वतयारी नाहीं, घरचें पाठबळ नाहीं, पैसा नाहीं. ट्राइस्मननें दोन्ही समूहांतील वीस-वीस विद्यार्थी घेतले आणि तीं मुलें कोठें बसतात, कशीं वाचतात, केव्हां अडतात हें त्यांच्यांत मिसळून महिनोन् महिने पाहिलें. चारही उत्तरें खोटीं ठरलीं. मुलें कष्टाळू होतीं. घरच्यांनीं त्यांच्या शिक्षणासाठीं जिवाचें रान केलें होतें. भेद निराळाच निघाला. कृष्णवर्णीय मुलें एकएकटीं बसून अभ्यास करीत. चिनी मुलें आधीं एकट्यानें उदाहरणें सोडवीत आणि मग चार जणें एकत्र जमून एकमेकांचीं उत्तरें तपाशीत, एकमेकांस खोडून काढीत. एखादें उदाहरण आपणांसच सुटत नाहीं कीं कोणासच सुटत नाहीं, हें त्यांस कळे. एकट्या बसणाऱ्यास तें कधींच कळत नसे. तो सारा दोष आपल्या बुद्धीस लावून मोकळा होई.

या निरीक्षणावरून ट्राइस्मननें जी योजना आंखली तींतील मर्म आमच्या महाविद्यालयांनीं मनावर कोरून ठेवावें. त्यानें 'कच्च्यांचा वर्ग' काढला नाहीं. त्यानें निवडक विद्यार्थ्यांसाठीं मानाचा वर्ग काढला. नेहमींपेक्षां सोपीं नव्हे, तर अधिक कठीण उदाहरणें त्यांच्यापुढें टाकलीं, आणि तीं गटागटानें सोडविण्यास बसविलें. या वर्गास नियमानें येणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे कलनशास्त्रांतील गुण पुष्कळ वाढले आणि नापासांचें प्रमाण घटलें. मुलें तींच, परीक्षा तीच. बदलली ती बसण्याची रीत आणि त्यांच्याकडे पाहण्याची दृष्टि. आडांत पाणी होतेंच. पोहरा सोडणारा कोणी नव्हता.

दुसरें उदाहरण मेरिलंड विद्यापीठाच्या बाल्टिमोर कौंटी शाखेचें. फ्रीमन राबॉवस्की हे तेथील गणितज्ञ शिक्षक व पुढें १९९२ पासून २०२२ पर्यंत तेथील अध्यक्ष. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठीं बर्मिंगहॅम येथें १९६३ सालीं निघालेल्या मुलांच्या मोर्चांत वयाच्या बाराव्या वर्षीं ते तुरुंगांत गेले होते. १९८८ सालीं रॉबर्ट मायरहॉफ या धनिक दात्याच्या साहाय्यानें त्यांनीं एक शिष्यवृत्ति-योजना काढली, आणि पुढील वर्षीं एकोणीस कृष्णवर्णीय तरुणांची पहिली तुकडी आली. वर्ग सुरू होण्यापूर्वीं उन्हाळ्यांत सहा आठवड्यांचें निवासी शिक्षण. एकत्र राहणें, एकत्र अभ्यास. पहिल्या वर्षापासून प्रयोगशाळेंत संशोधकांच्या हाताखालीं काम. घरच्या मंडळींशीं सतत संबंध. आणि मूळ विषयांत केवळ काठावर पास होण्यांत समाधान न मानण्याची शिस्त, अशी ती योजना आहे. १९९६ पासून ती सर्व वंशांच्या विद्यार्थ्यांस खुली झाली. तिच्यांतून निघालेले शेंकडों तरुण विज्ञानांत व वैद्यकांत सर्वोच्च पदव्यांपर्यंत पोंचले. करोनाच्या सांथींत ज्या लशींनीं कोट्यवधि लोकांस तारलें, त्यांतील मॉडर्नाच्या लशीच्या संशोधनांत पुढें असलेल्या किझमेकिया कॉर्बेट या विदुषी याच योजनेंतून आलेल्या. 'राबॉवस्कीसारखा माणूस होता म्हणून हें जमलें' असें म्हणण्यासही जागा उरली नाहीं. कारण पेनसिल्व्हेनिया व उत्तर कॅरोलिना येथील विद्यापीठांनीं तीच पद्धति उचलली आणि तेथेंही ती यशस्वी झाल्याचें २०१९ सालीं प्रसिद्ध झालें.

परदेशांतील उदाहरणांनीं ज्यांचें समाधान होत नसेल त्यांनीं कोल्हापूरकडे पाहावें. राजर्षि शाहू छत्रपतींनीं २६ जुलै १९०२ रोजीं आपल्या संस्थानांतील नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठीं निम्म्या जागा राखण्याचा जाहीरनामा काढला, हें आतां शाळेंतील मुलेंही सांगतात. पण त्याच्या एक वर्ष आधीं, १९०१ सालीं, कोल्हापुरांत मराठा विद्यार्थ्यांचें वसतिगृह निघालें होतें आणि पुढें जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य अशा निरनिराळ्या समाजांसाठीं वसतिगृहांची मालिकाच उभी राहिली, हें फार थोड्यांच्या लक्षांत असतें. वसतिगृह आधीं, जाहीरनामा मागून, हा क्रम अर्थपूर्ण आहे. खेड्यांतून आलेल्या पोरास राहावयास खोली, जेवावयास भाकरी आणि शेजारीं अभ्यास करणारा सोबती मिळाल्याखेरीज जागा राखून कांहीं उपयोग नाहीं, हें त्या राजास कोणी तज्ज्ञ समितीनें सांगावें लागलें नाहीं. कर्मवीर भाऊराव पाटील यांनींही रयत शिक्षण संस्थेच्या जोडीस साताऱ्यांत १९२४ सालीं सर्व जातींच्या मुलांनीं एकत्र राहावयाचें वसतिगृह चालविलें. डॉ. आंबेडकर १९१३ सालीं कोलंबिया विद्यापीठांत गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ति घेऊन. आज त्यांच्या विद्वत्तेचे पोवाडे गाणाऱ्यांनीं त्या शिष्यवृत्तीस कुबडी म्हणून पाहावें, म्हणजे त्यांच्या युक्तिवादाची किंमत त्यांची त्यांसच कळेल.

दुसरा आक्षेप गुणवत्तेचा. 'अशा अभियंत्यांनीं बांधलेले पूल पडतील,' हें वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलें आहे कीं त्याचा कोणीं विचार केला असेल असें वाटत नाहीं. सवलत आहे ती प्रवेशाच्या वेळीं. पदवीच्या परीक्षेंत जातीवरून कोणास एक गुणही अधिक मिळत नाहीं. जो पदवी घेऊन बाहेर पडला तो शेजारच्या बाकावरील मुलाचीच उत्तरपत्रिका लिहून बाहेर पडला. शिवाय या प्रश्नाचा प्रत्यक्ष शोधही झाला आहे. अश्विनी देशपांडे व थॉमस वाइसकॉफ या अर्थशास्त्रज्ञांनीं भारतीय रेल्वेच्या अनेक वर्षांच्या आंकड्यांचा अभ्यास करून २०१४ सालीं असा निष्कर्ष प्रसिद्ध केला कीं, राखीव जागांवरून आलेल्या नोकरांमुळें रेल्वेची कार्यक्षमता घटल्याचा पुरावा मिळत नाहीं. उलट वरच्या अधिकारपदांवर त्यांचें प्रमाण वाढलें तेथें अनुकूल परिणाम झाल्याचीं कांहीं चिन्हें दिसतात. ज्यांस गुणवत्तेची खरोखर काळजी आहे त्यांनीं तर आमच्याही आधीं या मुलांच्या पहिल्या वर्षाची काळजी वाहिली पाहिजे; कारण गुण वाढतो तो शिकविल्यानें, हिणविल्यानें वाढल्याचें आजवर ऐकिवांत नाहीं.

तिसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे: 'गरिबी काय एकाच जातीस आहे ? आमच्याही जातींत दोन वेळची भ्रांत असलेलीं घरें आहेत.' आहेत, आणि त्या घरांतील मुलास अभ्यासाचा गट, उन्हाळी वर्ग, वेळेवर शिष्यवृत्ति हें सारें मिळालेंच पाहिजे. चांगली योजना सर्वांस सामावून घेते, हें बाल्टिमोरनें दाखविलेंच आहे. परंतु गरीब ब्राह्मणाच्या मुलास वसतिगृहांत आडनांव सांगतांना घसा कोरडा पडत नाहीं. अभ्यासाच्या टोळींत त्यास सहज जागा मिळते. दारिद्र्य एक गांठ आहे. दारिद्र्यावर बहिष्काराची दुसरी गांठ बसली कीं ती सोडविण्यास निराळा हात लागतो. हा भेद ओळखणें म्हणजे पक्षपात नव्हे.

मग करावें काय ? कांहीं संस्थांत अशा मुलांसाठीं ज्यादा वर्ग असतात, हें आम्ही जाणतों. पण ते बहुधा रविवारीं, कंटाळलेल्या शिक्षकाकडून, जातीची यादी फळ्यावर लावून घेतले जातात. तेथें जाणें म्हणजे आपल्या पाठीवर चिठ्ठी चिकटवून घेणें. मुलें ते टाळतात, आणि मग 'सोय केली तरी हीं येत नाहींत' असा शेरा तयार असतो. याऐवजीं प्रत्येक महाविद्यालयानें वर्ग सुरू होण्यापूर्वीं सहा आठवडे गणिताचें, पदार्थविज्ञानाचें, रेखांकनाचें व इंग्रजी परिभाषेचें निवासी शिक्षण ठेवावें. पहिल्या वर्षीं सर्वच विद्यार्थ्यांचे चार-पांच जणांचे मिश्र गट पाडावे, त्यांस कठीण उदाहरणें द्यावीं आणि वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस मानधन देऊन त्यांच्यावर नेमावें. पारिभाषिक शब्द मराठींत समजावून देण्यांत शिक्षकानें कमीपणा मानूं नये. तंत्रशिक्षण परिषदेनें २०२१ सालीं मराठीसह कांहीं देशी भाषांत अभियांत्रिकीचे अभ्यासक्रम चालविण्यास मान्यता दिलीच आहे, तेव्हां निदान एक वाक्य मराठींत बोलण्यानें छत कोसळणार नाहीं. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ति आपल्या देशांत १९४४ पासून आहे. ती सत्र संपल्यावर नव्हे, सत्राच्या आरंभीं हातांत पडावी, आणि सरकारी विलंबाचा दंड विद्यार्थ्याच्या खानावळीवर बसूं नये. शेवटीं, प्रत्येक संस्थेनें दरवर्षीं जाहीर करावें कीं कोणत्या वर्गांतील किती मुलें आलीं, किती पहिल्या प्रयत्नांत पहिलें वर्ष उतरलीं आणि किती पदवी घेऊन गेलीं. प्रवेशाची यादी भिंतीवर लावतां, तशी निर्गमाचीही लावा. ही एक यादी लागली, तर बाकीच्या सुधारणा लाजेखातर तरी होतील.

राखीव जागांच्या पुढाऱ्यांसही एक शब्द सांगणें प्राप्त आहे. एक जागा कमी झाली तर आपण मोर्चा काढतां, आणि तो काढावाच. पण भरलेल्या जागेवरील मुलगा सहा महिन्यांत गळाला तर आपणांस त्याचें नांवही ठाऊक नसतें. ज्याच्या नांवानें भांडलांत तो पुढें परीक्षेस बसला कीं नाहीं, हें विचारणें हा लढ्याचाच उत्तरार्ध आहे.

आणि आमच्या वाचकांचें काय ? कायदे करणें, वर्ग काढणें आपल्या हातीं नसेल. पण त्याच वर्गांत आपलें मूल बसलेलें असतें. तें सुटींत घरीं आलें म्हणजे जेवतांना एक साधा प्रश्न त्यास विचारावा: 'तुझ्या अभ्यासाच्या टोळींत कोण कोण आहे ?' उत्तरांत जर सर्व आडनांवें आपल्याच ओळखीचीं निघालीं, तर त्यास सांगावें कीं उद्यां शेजारच्या खोलींतील एकट्या बसणाऱ्या मुलास हांक मार. तूं त्यास शिकवावेंस म्हणून नव्हे, तर दोघांनीं मिळून तें न सुटणारें उदाहरण सोडवावें म्हणून. त्यांत त्याचें जितकें हित आहे तितकेंच तुझेंही आहे. दार उघडणें हें कायद्याचें काम होतें, तें त्यानें केलें. आंत आलेल्यास पाट मांडणें हें घरच्या माणसांचें काम असतें; आणि या घरचीं माणसें म्हणजे तेथील शिक्षक, तेथील विद्यार्थी आणि त्यांस तेथें पाठविणारे आपण.